सावली दक्षिणेला पडते तेव्हा

शाळा सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. जूनचा मध्य. पावसाने तोंड दाखवून दडी मारली होती आणि कडक ऊन पडले होते. चौथीच्या वर्गात मी सूर्य आणि सावली शिकवत होतो. फळ्यावर आकृती काढली: मध्ये काठी, दक्षिणेकडे सूर्य, उत्तरेकडे सावली. "आपण उत्तर गोलार्धात राहतो, म्हणून भर दुपारी आपली सावली उत्तरेला पडते," असे ठासून सांगितले. मुलांनी आकृती वहीत उतरवून घेतली.

मधल्या सुटीनंतर एक मुलगी जवळ आली. "सर, झेंड्याच्या खांबाची सावली तर टाकीकडं पडायली." पाण्याची टाकी शाळेच्या दक्षिणेला. मी म्हणालो, "तुझी दिशा चुकली असेल. बस जागेवर." ती बसली.

दुसऱ्या दिवशी साडेबाराच्या सुमारास मी खांबाजवळ जाऊन पाहिले. सावली जेमतेम वीत-दीड वीत होती, पण टाकीच्याच बाजूला. मुलीची दिशा चुकली नव्हती. चूक फळ्यावर होती.

सूर्य हा विषय लहान मुलांना शिकवताना आपण सगळे जी एक गफलत करतो, ती या प्रसंगात आहे. आपण सूर्य पुस्तकातून शिकवतो आणि तो तर रोज अंगणात येतो. शिवाय पुस्तकी वाक्ये बहुधा दुसऱ्याच कुठल्या तरी गावची असतात. आपल्या गावचा सूर्य कसा वागतो, ते प्रथम पाहू.

आपल्या गावचा सूर्य

छत्रपती संभाजीनगरचे अक्षांश सुमारे १९.९ अंश उत्तर आहेत. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर, म्हणजे आपल्या उत्तरेला. उन्हाळ्यात सूर्य जसजसा उत्तरेकडे सरकतो, तसतसा तो एके दिवशी आपल्या बरोबर माथ्यावर येतो. हा दिवस १९ मेच्या आसपासचा. त्यानंतर तो आपल्याला ओलांडून आणखी उत्तरेला जातो, २१ जूनला मागे फिरतो आणि २३-२४ जुलैच्या सुमारास पुन्हा माथ्यावरून जाऊन दक्षिणेकडे निघतो. या मधल्या सुमारे ६५ दिवसांत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेला पडते.

दिल्लीच्या मुलाला हे कधीच दिसणार नाही. दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला असल्याने तेथे मध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच असतो. लंडनलाही तसेच. माझी फळ्यावरची आकृती त्यांच्यासाठी बारा महिने बरोबर होती. आपला महाराष्ट्र मात्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे येथील प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशी होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात.

दुसरी समजूत घड्याळाची. 'दुपारी बारा वाजता सूर्य सर्वांत उंच असतो' असे आपण सांगतो. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपले शहर ७५.३ अंशांवर. सूर्याला एक अंश ओलांडायला ४ मिनिटे लागतात. म्हणजे आपला मध्यान्ह घड्याळातल्या बाराच्या सरासरी २९ मिनिटे नंतर येतो. त्यातही वर्षभर थोडे पुढेमागे होते: नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून १२ मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४३ मिनिटांनी. ठोक्याला बारा वाजता काठीची सावली मोजणाऱ्या वर्गाचे उत्तर बरोबर येत नाही आणि दोष मात्र मुलांच्या मोजण्याला दिला जातो.

एक काठी, एक वर्ष

हे सगळे मुलांना व्याख्यान म्हणून सांगू नये. मैदानात सपाट जागी एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ रोवावी. सव्वाबारा ते पाऊण या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करावी (नोव्हेंबरच्या आसपास बारापासूनच सुरुवात करावी). सर्वांत आखूड सावली पडते तो आपला मध्यान्ह.

दिशाही सूर्याकडूनच शिकाव्यात. काठीभोवती दोरीने एक वर्तुळ आखावे. सकाळी सावली आखडत आखडत वर्तुळाच्या रेषेला टेकते, तेथे खूण करावी. दुपारनंतर ती पुन्हा लांबत जाऊन रेषेला टेकेल, तेथे दुसरी खूण करावी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम असते. हा आपल्याकडील फार जुना रिवाज आहे. जुन्या ज्योतिर्गणितात अशा काठीला शंकू म्हणत आणि तो बारा अंगुळे उंच धरीत. विषुवदिनी मध्यान्ही शंकूची जी सावली पडे, ती त्या गावाची 'पलभा'. तिच्यावरून गावाचे अक्षांश कळत. आपल्या शहराची पलभा सुमारे ४.३ अंगुळे येते.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगावकडे गेले की डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवी लागते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव (योगी चांगदेव नव्हे) याने १२०७ साली तेथे मठ स्थापन केला. तशी नोंद तेथील शिलालेखात आहे. शंकूची सावली मोजणारी आपली मुले त्याच परंपरेत बसतात, हे त्यांना जरूर सांगावे.

सावली रोज मोजण्याची गरज नाही. मुलांच्या लक्षात राहणारे दिवस निवडावेत. एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली आपल्या शहरात साधारण अशी येईल:

१६ जून (शाळेचे पहिले दिवस): ६ सें.मी., दक्षिणेला
१५ ऑगस्ट: १० सें.मी., उत्तरेला
१७ सप्टेंबर (मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन): ३२ सें.मी.
२ ऑक्टोबर: ४४ सें.मी.
१४ नोव्हेंबर: ७८ सें.मी.
२२ डिसेंबर: ९४ सें.मी.
२६ जानेवारी: ८० सें.मी.
२१ मार्च: ३६ सें.मी.
१ मे: ८ सें.मी.

ऑगस्टपासून मेपर्यंतच्या या सर्व सावल्या उत्तरेला आहेत. ही यादी शिक्षकासाठी आहे. मुलांना ती आधी दाखवू नये. "पुढच्या वेळी सावली कुठपर्यंत जाईल?" असे विचारून प्रत्येकाला एकेक खडा ठेवायला सांगावे आणि मग सूर्यालाच उत्तर देऊ द्यावे. ढग आले तर दोन दिवस पुढेमागे चालते.

पहिली-दुसरीच्या मुलांना मोजमाप नको. प्रार्थनेच्या वेळी, मधल्या सुटीत आणि घरी जाताना एकाच जागी उभ्या केलेल्या सवंगड्याची सावली खडूने आखली की पुरे. मात्र सर्व वयांच्या मुलांना एक गोष्ट बजावून सांगावी: सूर्याकडे थेट पाहायचे नाही, काजळी धरलेल्या काचेतून किंवा एक्स-रे फिल्ममधूनही नाही. आपले काम सावलीकडे पाहून होते.

ऊन कडक का होते?

"उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का?" हा प्रश्न हमखास येतो. पुष्कळ मोठी माणसेही मनातून हेच समजत असतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या आरंभी, आपल्या ऐन थंडीत. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असते. जुलैच्या आरंभी ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. तेव्हा उन्हाळ्याचे कारण अंतरात नाही. ते त्या लांब-आखूड सावलीत आहे.

चौकटींच्या कागदावर विजेरीचा झोत सरळ वरून टाकावा आणि उजेडाच्या चौकटी मोजाव्यात. मग विजेरी तेवढ्याच अंतरावरून तिरपी धरावी. चौकटी वाढतात, पण प्रत्येकीच्या वाट्याला येणारा उजेड कमी होतो. डिसेंबरच्या मध्यान्ही आपल्याकडे सूर्य सुमारे ४७ अंश उंच असतो. मे महिन्यात एक चौरस मीटर जमिनीवर पडणारा झोत तेव्हा जवळजवळ १.४ चौरस मीटर जमिनीवर पसरतो. शिवाय दिवसही लहान होतो. आपल्याकडे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस ११ तासांहूनही थोडा कमी. तिरपे ऊन आणि तेही थोडा वेळ, म्हणून थंडी. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून हे सारे घडते.

हे ज्ञान मुलांच्या घरात आधीपासून असते. आजी कुरडया, पापड, सांडगे चैत्र-वैशाखातच का घालते, हे मुलांनी तिला विचारून यावे. दोन सारख्या ओल्या फडक्यांपैकी एक जानेवारीत आणि एक एप्रिलमध्ये वाळायला किती वेळ लागला, हे वहीत लिहून ठेवावे.

येथे एखादे चौकस मूल अडवेल, आणि अडवावेच: "सूर्य जूनमध्येही जवळजवळ माथ्यावर असतो आणि दिवसही मोठा, मग जूनपेक्षा मे का तापतो?" याचे उत्तर पावसाळ्यात आहे. मार्चपासून तापत गेलेली जमीन समुद्रापेक्षा लवकर गरम होते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे आत येतात. मग ढग ऊन अडवतात, आणि ओल्या मातीतले पाणी वाफ होताना उष्णता खर्ची पडते. दोन कुंड्यांतली माती, एक कोरडी आणि एक भिजवलेली, तासभर उन्हात ठेवून हात लावून पाहिला की हे तिसरीच्या मुलालाही पटते. पावसाची वाट पाहणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलाला पाऊस हेही सूर्याचेच काम आहे, हे कळणे मोलाचे आहे.

सुटीतला अभ्यास

अडचण अशी की शून्य सावलीचा पहिला दिवस उन्हाळ्याच्या सुटीत येतो आणि दुसरा बहुधा ढगांत जातो. म्हणून मेचा दिवस घरी पाहायला द्यावा. १९ मेला साडेबाराला पाच मिनिटे कमी असताना सपाट अंगणात किंवा गच्चीवर उभ्या बाजूंचा डबा ठेवायचा, पायांत चप्पल आणि डोक्याला टोपी घालून. मामाच्या गावी गेलेल्यांचा दिवस निराळा असेल: कोल्हापूरला ६-७ मे, लातूरला १३ मे, नांदेडला १६ मे, नागपूरला २६ मे. जूनमध्ये परतल्यावर प्रत्येकाने आपापल्या गावाची तारीख सांगितली की महाराष्ट्राचा नकाशा आपोआप दक्षिणोत्तर मांडला जातो.

त्या मुलीचे सांगायचे राहिले. तिसऱ्या दिवशी साऱ्या वर्गाला घेऊन मी खांबाजवळ गेलो आणि तिलाच सावली दाखवायला सांगितली. मग वर्गात येऊन फळ्यावर दुसरी आकृती काढली आणि पहिली का चुकली ते सांगितले. पण त्या आधीचे दोन दिवस ती मुलगी काय समजून चालली असेल? आपले डोळे चुकतात, सर चुकत नाहीत. सूर्याविषयी तिला चार गोष्टी कमी कळल्या असत्या तरी चालले असते. डोळ्यांना दिसलेले सांगायची सवय मोडली असती, तर ती नंतर कोणत्याही पाठातून परत आली नसती.