लिंबाची बरणी

तुम्ही घरी ज्याला अचार म्हणता, त्याला मराठीत लोणचे म्हणतात. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात, लिंबाच्या पुष्कळ बागा आहेत. लिंबे स्वस्त झाली, की घरोघरी लोणचे घालतात. मग भाजी कमी असेल त्या दिवशी भाकरीबरोबर एक फोड पुरते.

कापलेले लिंबू थोड्याच दिवसांत खराब होते. मग लोणचे वर्षभर कसे टिकते? हवेत, पाण्यात, आपल्या हातांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. त्यांना वाढायला पाणी लागते. मीठ ते पाणी ओढून घेते. शिवाय आंबट रसात बहुतेक जंतू वाढत नाहीत. बरणीत ओला चमचा घातला, तर दादी रागावते ना? तिचे बरोबर आहे! पाणी गेले, की फोडींवर बुरशी येते.

फ्रान्समधील निकोला आपेर या मिठाईवाल्याने दुसरी रीत काढली. बाटलीत अन्न भरायचे, घट्ट बूच लावायचे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. १८१० साली त्याने ही रीत पुस्तकात छापली. मात्र मटार, घेवडा अशा आंबट नसलेल्या भाज्या घरी अशा भरू नका. काही जंतूंची बीजे उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. ती बंद बाटलीत वाढून विष तयार करतात, आणि त्याचा वास येतोच असे नाही.