बाई, हे पैसे कुणाचे?

जुलै महिन्यातली गोष्ट. बाहेर धो धो पाऊस. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि मुलं खिचडीच्या ताटल्या घेऊन व्हरांड्यात पळाली. दोनच मिनिटांत वर्गातून 'धप्प' असा आवाज आला. मी धावत आत गेले. तिसऱ्या रांगेतल्या बाकावर छताच्या गिलाव्याचा भलामोठा पोपडा पडला होता! वर पाहिलं तर गंजलेल्या लालभडक सळ्या उघड्या पडलेल्या.

सुट्टी झाली होती म्हणून कुणाला काही लागलं नाही. पण त्या बाकावर बसणाऱ्या दोघी मुली बराच वेळ माझा हात सोडेनात.

मुलांनो, मी महानगरपालिकेच्या एका प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. 'छत गळतंय' असा अर्ज आम्ही दोन वर्षं देत होतो. उत्तर ठरलेलं, 'बघू.' त्या दिवशी मात्र इंजिनिअर संध्याकाळीच आले. वर्गाला कुलूप लागलं आणि आमची रवानगी हॉलमध्ये झाली. एका कोपऱ्यात तिसरी, दुसऱ्या कोपऱ्यात चौथी. इकडे पाढे, तिकडे कविता. नुसता गोंधळ!

तिथंच मागच्या बाकावरच्या एकाने विचारलं, "बाई, नवीन छताचे पैसे कोण देणार?"

"सरकार!" एकजण ओरडला.

"नाही रे, नगरसेवक देतात. बोर्डावर नाव असतं ना त्यांचं!" दुसरा म्हणाला.

मी म्हटलं, "पैसे तुम्ही देणार."

सगळे खो खो हसले. एक मुलगी म्हणाली, "बाई, माझे बाबा भाजीची गाडी लावतात. आम्ही कुठे कर भरतो?"

तुम्हालाही असंच वाटतं ना? मग ऐका. तुम्ही दुकानातून टूथपेस्ट, बिस्किटं किंवा पेन घेता. त्या किमतीतच कर मिसळलेला असतो. घराचा मालक महापालिकेला मालमत्ता कर भरतो आणि तो भाड्यातून वसूल करतो. म्हणजे भाडेकरूचाही वाटा त्यात आलाच! महाराष्ट्रात तर मालमत्ता कराच्या बिलात 'शिक्षण उपकर' अशी एक वेगळी ओळच असते. घरी बिल आलं तर आईबाबांना ती दाखवायला सांगा. तेव्हा शाळेची दुरुस्ती म्हणजे कुणाची मेहेरबानी नव्हे, बरं का! बोर्डावर नाव कुणाचंही असो, पैसे आपल्या सगळ्यांचे.

आता गंमत पाहा. माणूस आजारी पडला की डॉक्टर तपासतात. तशी इमारतीचीही तपासणी होते. तिला म्हणतात 'स्ट्रक्चरल ऑडिट'. आमच्या शाळेत एक ताई स्प्रिंगची हातोडी घेऊन आल्या. ती खांबावर दाबली की आतला दट्ट्या आपटून मागे उसळतो. जास्त उसळला तर काँक्रीट टणक, कमी उसळला तर कच्चं. मग त्यांनी भिंतीतून ध्वनिलहरी सोडल्या. आत भेग किंवा पोकळी असली की लहरींना पलीकडे पोचायला जास्त वेळ लागतो. पोरं तर आ वासून बघत होती!

पण छत पडलं कशाने? त्या ताईंनी मुलांना समजावून सांगितलं. भेगांतून पाणी आत झिरपतं आणि सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून सळई जणू फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून देते. वरून नुसता रंग फासला तर भिंत छान दिसेल, पण आतला रोग तसाच! म्हणून आधी गळती थांबवायची, गंज खरवडायचा, सळईला लेप द्यायचा, मग नवा थर आणि शेवटी रंग.

दुरुस्तीचा कागदही मोठा प्रवास करतो. इंजिनिअर खर्चाचा अंदाज काढतात. मग मंजुरी. मग निविदा, म्हणजे 'हे काम तुम्ही कितीला कराल?' असं जाहीरपणे विचारणं. मग ठेकेदार ठरतो. या प्रवासात महिने जातात. त्याचा राग येतो खरा. पण पैसा सगळ्यांचा असल्यामुळे त्याचा हिशोबही सगळ्यांना दिसायला हवा, म्हणून ही सगळी उठाठेव. चुकतं ते कुठे? कागद एखाद्या टेबलावर नुसता पडून राहतो तिथे!

हिशोबावरून एक जुनी गोष्ट आठवली. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशनसमोर उंच मनोऱ्याची दगडी इमारत आहे ना, ते मुंबई महानगरपालिकेचं मुख्यालय. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने ते स्टेशनही उभारलं आणि ही इमारतही. ती १८९३ साली पूर्ण झाली. मंजूर रक्कम होती सुमारे ११ लाख ८८ हजार रुपये आणि खर्च आला सुमारे ११ लाख २० हजार. म्हणजे जवळजवळ ६८ हजार रुपये वाचले! आणि इमारत सव्वाशे वर्षांनंतरही दिमाखात उभी आहे. अशा जुन्या दगडी इमारतींचं औषध मात्र वेगळं. त्यांच्या सांध्यात चुना असतो. तिथे सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते आणि दगडच झिजू लागतो. म्हणून दुरुस्तीलाही चुनाच वापरतात. रोग पाहून औषध, दुसरं काय!

आमच्या शाळेचं काम दिवाळीनंतर सुरू झालं आणि उन्हाळ्यात संपलं. जूनमध्ये आम्ही पुन्हा आमच्या वर्गात! पांढरंशुभ्र छत, नवे पंखे, मुलींचं स्वच्छतागृहही नवं. सगळे खूश.

पण पहिल्याच मोठ्या पावसात त्या भाजीवाल्याच्या मुलीने, आता ती पाचवीत गेली होती, जिन्याजवळची एक ओली खूण मला दाखवली. "बाई, इथून पुन्हा सुरू होणार."

मी म्हटलं, "अगं, आत्ताच तर काम झालंय."

ती म्हणाली, "म्हणूनच सांगते ना!"

आणि तिचं बरोबर होतं. काम संपल्यावर ठरावीक काळ दोष निघाला तर ठेकेदाराने तो फुकट दुरुस्त करायचा असतो. तोवर त्याची काही रक्कम महापालिकेकडे अडकलेली असते. आम्ही लगेच शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत पाऊण भाग पालक असतात आणि निम्म्या तरी महिला असाव्या लागतात. शाळेला मिळालेलं अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं हे तिचं कामच आहे. समितीचं पत्र गेलं, सोबत त्या खुणेचा फोटो. या वेळी 'बघू' नाही आलं. पंधरा दिवसांत माणसं आली आणि गच्चीवरचा सांधा नीट करून गेली. एक पैसाही जादा लागला नाही.

त्याच कायद्यात शाळेला काय काय हवं तेही लिहिलंय : मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं शुद्ध पाणी, खेळायला मैदान, कुंपण आणि अपंग मुलांनाही सहज आत येता येईल अशी वाट.

मग दोस्तांनो, या आठवड्यात एक काम करा. वही-पेन्सिल घेऊन शाळेत फेरी मारा. नळ, दारं, छत, रॅम्प, सगळं पाहा. जे मोडकं दिसेल ते तारीख घालून लिहा आणि आपल्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवा. मात्र एक लक्षात ठेवा. मोडक्या भागाजवळ स्वतः जायचं नाही, लांबूनच पाहायचं.

ती दोन वर्षांची 'बघू' मला अजून आठवते. घंटा दोन मिनिटं उशिरा झाली असती तर?