गरम करायचं आहे की भाजायचं?

सकाळी ६

आज आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचा दिवस. छत्रपती संभाजीनगरात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. टाकी, पिंप, हंडे, कळशा भरेपर्यंत सात वाजले. तोवर आईने रात्रीचा भात आणि वरण गरम करून ठेवलं होतं. कुकरमध्ये दोन बोटं पाणी, त्यावर जाळी, जाळीवर डबे. झाकण लावायचं, पण शिट्टी ठेवायची नाही. वाफेची धार लागली की पाच मिनिटांनी गॅस बंद. भात मोकळा होतो, कडेची शितं वाळत नाहीत. थंड डब्यावर वाफेचं पाणी होताना ती आपली सगळी उष्णता डब्याला देऊन टाकते, एका ग्रॅममागे ५४० कॅलरी. आईला हा आकडा माहीत नाही, पण भात कधी गरम झाला ते तिला झाकणाच्या आवाजावरून कळतं.

मी घरगुती उपकरणं दुरुस्त करतो. आयटीआय झाल्यावर पैठण रस्त्यावरच्या एका कारखान्यात काही वर्षं काढली, आणि आता सोळा वर्षं स्कूटरवर घरोघर फिरतोय. मायक्रोवेव्ह कायमचा गेला की प्रत्येक घरात एकच प्रश्न येतो, "मग त्याच्याऐवजी आता काय घेऊ?" मी आधी त्या घराचा ओटा बघतो, भांडी बघतो, भिंतीवरचा प्लग बघतो. मग बोलतो.

सकाळी ९:३०

सिडको, एन-सात. निवृत्त काका आणि काकू, मुलगा पुण्याला. मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात अशी तक्रार. आतल्या उजव्या भिंतीवर पत्त्याएवढा अभ्रकाचा तुकडा असतो, लहरी त्यातून आत येतात. त्यावर पापडाचं तेल, वरणाचे शिंतोडे बसतात, तापून त्यांचा कोळसा होतो आणि कोळशावर ठिणगी धरते. यांच्या अभ्रकाला रुपयाएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या, बोट लावलं की पापुद्रे सुटत होते. एवढंच असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं. पण मागचं आवरण काढलं तर लहरी तयार करणाऱ्या मॅग्नेट्रॉनचं टोपणही वितळलेलं. (हे आवरण घरी कुणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या वर दाब शिल्लक राहू शकतो. मी आधी तो रिकामा करतो, मगच हात घालतो.) बारा वर्षं वापरलेल्या यंत्राला नवा मॅग्नेट्रॉन घालणं परवडणारं नव्हतं, तसं मी सांगितलं.

"बरंच झालं," काका म्हणाले. "त्या किरणांनी अन्न बिघडतं म्हणतात."

हे मला प्रत्येक वेळी खोडून काढावं लागतं आणि मी ते मनापासून काढतो. या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या, रेडिओच्या जातीच्या. त्या अन्नातल्या पाण्याच्या कणांना हलवतात, त्या हालचालीने अन्न तापतं. बटण बंद झालं की लहर संपली, अन्नात काही उरत नाही. दार वाकलेलं किंवा बिजागरी सैल असेल तर मात्र वापरू नये. भीतीपोटी चांगलं यंत्र भंगारात घालणारी माणसं बघितली की मला वाईट वाटतं. मे महिन्यात ओटा न तापवता वाटीभर आमटी दीड मिनिटात गरम करणारं दुसरं यंत्र मला तरी माहीत नाही.

"तुम्ही यात करता काय?" मी विचारलं.

दूध, भात, वरण, पापड. बारा वर्षांत केक एकदा, नातवाच्या वाढदिवसाला. म्हणजे काम गरम करण्याचं होतं, भाजण्याचं नव्हतं. मुलाने फोनवर एअर फ्रायर सुचवला होता. दूध आणि वरण त्यात कसं गरम करणार? पापड जाळीवर भाजता येतो, भात-वरणाला वाफ पुरते. मी तसं म्हणणार तेवढ्यात काकू हळूच बोलल्या, "गॅस बंद करायचा राहतो हो माझा हल्ली. दोनदा दूध जळालं. म्हणून तर ही पेटी सोयीची होती."

तिथे माझा सल्ला बदलला. या घराला वेळ लावता येणारी, आपली आपण बंद होणारी शेगडी हवी होती, म्हणजे इंडक्शन. तिच्यातली तारेची गुंडाळी भांड्याच्या बुडातच उष्णता तयार करते. ज्वाळा नाही, पदर पेटायची धास्ती नाही, आणि भांडं उचललं की शेगडी थोड्या वेळात स्वतः थांबते. बूड मात्र लोखंडी गुणाचं लागतं. काकांना पेसमेकर वगैरे नाही ना, तेही विचारून घेतलं. असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंडक्शन घेऊ नये आणि त्यापासून दोन फूट लांब राहावं. नाही म्हणाले. मग फ्रिजवरचा एक शोभेचा लोहचुंबक काढून त्यांच्या हातात दिला. "घरातली सगळी भांडी पालथी घाला आणि हा लावून बघा. ज्याला घट्ट चिकटेल ते चालेल. आज काही विकत घेऊ नका."

सकाळी ११:३०

औरंगपुऱ्यात सुटे भाग घ्यायला. दुकानात एक तरुण जोडपं एअर फ्रायरच्या डब्याभोवती उभं. सहा माणसांचं घर, सगळ्यांना भजी प्रिय, तेल कमी करायचं आहे. दुकानदार माझा जुना स्नेही, त्यानेच मला पुढे केलं.

एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेली लहानशी भट्टी. फिलिप्सने तो २०१० साली बाजारात आणला. वरची तार तापते, पंखा गरम वारा जोरात फिरवतो, पदार्थाचं वरचं पाणी उडून जातं आणि तो कुरकुरीत होतो. मायक्रोवेव्हमध्ये हे होत नाही. तिथे आतलं पाणी तापून वर येतं, म्हणून कालची कचोरी मऊ पडते. तीच कचोरी एअर फ्रायरमध्ये पाच-सात मिनिटांत पुन्हा खमंग. एकसारखे कापलेले बटाटे, पनीर, कोथिंबीर वडीचे तुकडे, सगळं छान होतं. भजी होत नाहीत. पातळ पीठ गरम तेलात पडल्या क्षणी आवळतं, जाळीवर ते ओघळून खाली जातं. शिवाय चार लिटरच्या टोपलीत एकच थर नीट भाजतो. सहा जणांसाठी तीन घाण लागतील आणि पहिल्याची प्लेट शेवटच्याचं होईपर्यंत गार होईल.

ते दोघं न घेताच गेले. दुकानदार काही बोलला नाही, माझ्यासाठी चहा सांगितला. चुकीची वस्तू गेली की महिन्याभरात ती परत घेऊन भांडायला येतात, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

दुपारी १

जेवायला घरी. गच्चीवर आईची सौर पेटी. आमचं शहर साधारण २० अक्षांशावर, त्यामुळे १९-२० मेच्या सुमाराला, साडेबाराच्या जरा आधी, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते. या दिवसांत पेटी फिरवत बसावं लागत नाही. साडेनऊला काळ्या डब्यात भिजवलेली तूरडाळ आणि तांदूळ ठेवले होते. काच उघडली तेव्हा चष्म्यावर वाफ आली. डाळ बोटाने दाबली की विरघळत होती. या वरणाला लागायची, करपायची भीती नसते. उष्णता चारी बाजूंनी हळूहळू येते. जून लागला, आभाळ आलं की पेटी माळ्यावर जाते, हेही खरं. पण मराठवाड्यात वर्षातले इतके महिने ऊन फुकट पडत असताना ती इतक्या कमी गच्च्यांवर दिसते, याचं मला दुःख आहे.

दुपारी ४

गारखेडा. एक ताई घरून केक आणि नानकटाई विकतात. मायक्रोवेव्ह गेल्यावर त्यांनी ओटीजी (विजेची छोटी भट्टी) घेतला, आणि तो मधेच बंद पडतो म्हणून मला बोलावलं होतं. निवड अगदी योग्य होती. नानकटाईला खालून आणि वरून कोरडी आच लागते, तिचा बदामी रंग १४० अंशांच्या पुढेच धरतो. नुसत्या लहरींवर चालणाऱ्या पेटीत पदार्थ ओला आहे तोवर १०० च्या फार वर जात नाही, तो पांढराच राहतो.

ओटीजीत काही बिघाड नव्हता. मी वायर धरून मागे गेलो. जाड पिनांचा प्लग, त्याला जोडणी लावून साध्या एक्स्टेन्शन बोर्डात घातलेला, आणि त्याच बोर्डावर मिक्सर. प्लग उपसला तर एक पीन तपकिरी झाली होती, बोर्डाचं प्लॅस्टिक त्या भोकापाशी मऊ पडून फुगलेलं, जळक्या रबराचा वास. १५०० वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर, आणि तो बोर्ड सहा अँपिअरचा. तासतासभर भट्टी चालते, दिवसाला चार-पाच घाण. हे घर थोडक्यात वाचलं होतं. ताईंना ती पीन दाखवली, त्या खाली बसल्या. मी फ्रिजशेजारच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवर भट्टी हलवली, बोर्ड त्यांच्यासमोर कापून टाकला.

"आणि भाजी गरम करायला पण हाच वापरते मी," त्या म्हणाल्या. वाटीभर भाजीसाठी दहा मिनिटं भट्टी तापवायची, म्हणजे पाव युनिट वीज. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. भाजीला झाकण ठेवलेली कढई बरी. त्यांनी नानबद्दलही विचारलं, इथे सगळेच विचारतात. आपल्या शहरातल्या नान-खलियाची नान मोठ्या भट्टीत होते. घरच्या पेटीचा काटा बहुतेक २५० वर थांबतो, भट्टी त्याच्या कितीतरी पुढे जाते. नान विकत आणावी, तव्यावर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावं. दोन मिनिटांत मऊ.

संध्याकाळी ७

विद्यापीठाच्या बाजूला बेगमपुऱ्यात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या दोन मुलींची खोली. घरमालकांनी गॅसला मनाई केलेली, भिंतीवर सहा अँपिअरचा एकच पॉइंट. जुना मायक्रोवेव्ह कुणीतरी स्वस्तात देतंय, घ्यावा का? ही अशी पेटी भिंतीतून हजार-बाराशे वॅट ओढते, जुन्या वायरिंगवर मला ते नको वाटलं. शिवाय त्यांना गरम करायचं नव्हतं, रोज शिजवायचं होतं. मी ७०० वॅटचा राइस कुकर सुचवला, तीन अँपिअर. खाली खिचडी, वर जाळीत अंडी किंवा भाजी.

थोरलीने विचारलं, "पण दादा, भात झाला हे त्याला कळतं कसं?"

हे सांगायला मला फार आवडतं. दुरुस्तीला आलेला एक कुकर पिशवीत होता, भांडं काढून दाखवलं. तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेलं एक गोल बटण असतं, भांड्याचं बूड त्याला टेकतं. बटणाखाली लोहचुंबक आणि एका खास मिश्रणाची चकती एकमेकांना धरून बसलेले. भांड्यात पाणी आहे तोवर बूड उकळत्या पाण्याच्या वर तापूच शकत नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, इथे ते ९८ अंशांच्या आसपास. भाताने पाणी पिऊन टाकलं की बूड एकदम तापू लागतं. शंभराच्या थोडं पुढे गेलं की त्या चकतीचं चुंबकत्व नाहीसं होतं. पकड सुटते, स्प्रिंग ढकलते, टक् असा आवाज येतो आणि दांडी वर. मी बोटाने पकड सोडवून तो आवाज त्यांना ऐकवला. धाकटीने तीनदा करून बघितलं.

रात्री ९:३०

जेवताना एन-सातच्या काकांचा फोन. दोघांनी मिळून सगळी भांडी पालथी घातली होती. स्टीलच्या दोन पातेल्यांना आणि कुकरला चुंबक चिकटला, दुधाच्या भांड्याला नाही. "आणि हिच्या बिडाच्या तव्याला तर असा बसला की सुटेना," काका म्हणाले. मागून काकूंचा आवाज आला, "पिठल्याची कढई विचारा!" ती ॲल्युमिनिअमची होती.

"ती गॅसवरच राहू द्या," मी म्हणालो. "पिठलं करताना काका जवळ उभे राहतील."

उद्या आठला त्यांच्याकडे जाऊन ओट्यामागचा पॉइंट तपासायचा आहे. आईने गच्चीवरून पेटी खाली आणली, काच पुसली आणि उद्यासाठी मटकी भिजत घातली.