पुरुषांतील केसगळती : औषधांची निवड आणि घ्यावयाची दक्षता

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात उपचारांची आकडेवारी व हिशेब यांच्या जोडीने एखाद्या आरोग्यविषयाची माहिती वाचकांपुढे ठेवावी, या हेतूने हा लेख दिला आहे. क्षय, मधुमेह, रक्तदाब या विकारांच्या तुलनेत केसगळती हा विषय गौण वाटण्याचा संभव आहे. टक्कल पडल्याने कोणाच्या जिवाला धोका होत नाही, हे खरे आहे. तथापि विवाहेच्छू तरुणाच्या मनावर त्याचे केवढे दडपण असते, हे आपल्या भागात वेगळे सांगावयास नको. आधीच स्थळ जमणे दुरापास्त झालेले असते. त्यात कपाळ मागे सरकू लागले की तरुण खचतो, चारचौघांत टोपी काढीत नाही, आणि मित्राने सांगितलेले औषध कोणालाही न विचारता सुरू करतो. विकार निरुपद्रवी असला तरी त्यावरील औषधे तशी नाहीत, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

केस का गळतात?

मनुष्याच्या डोक्यावर साधारणतः एक लाख केस असतात. प्रत्येक केसाची वाढीची अवस्था दोन ते सहा वर्षे चालते. त्यानंतर सुमारे तीन महिने विश्रांतीची अवस्था असते व मग तो केस गळून त्या जागी नवा येतो. त्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा विकार नव्हे.

पुरुषांना पडणारे नेहमीचे टक्कल हे बहुतांशी आनुवंशिक असते. शरीरातील टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे अधिक प्रभावी संप्रेरक तयार होते. ज्यांच्या केसांची मुळे त्यास संवेदनशील असतात, त्यांच्या कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरील व टाळूवरील केस क्रमाने बारीक व आखूड होत जातात. अमेरिकी शास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवून दिले की, ज्यांच्यात वयात येण्यापूर्वीच पुरुषी संप्रेरकांचा अभाव असतो त्यांना असे टक्कल पडत नाही. टोपी, फेटा, बोअरवेलचे जड पाणी किंवा रोजचे स्नान ही या टकलाची कारणे नव्हेत.

आधी निदान, मग औषध

केस गळणे हे लक्षण आहे. त्यामागील कारणे अनेक असतात. टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारखा मोठा ताप, शस्त्रक्रिया किंवा एकाएकी घटलेले वजन यानंतर दोन-तीन महिन्यांनी सर्व डोक्यावरचे केस मुठीने गळू लागतात. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते. गोल, गुळगुळीत चट्टा पडून केस गेले तर ती 'चाई' होय. तिच्यावरील उपचार निराळे आहेत. खपल्या व खाज असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. थायरॉइडचे विकार, शरीरातील लोहाची कमतरता व क्वचित उपदंश यांमुळेही केस गळतात. ज्या टकलात त्वचेवर व्रण येऊन मुळेच नष्ट होतात, तेथे उशीर झाल्यास गेलेले केस परत येत नाहीत.

निदानाचे महत्त्व अलीकडेच आपल्या राज्याने पाहिले. डिसेंबर २०२४ ची अखेर ते जानेवारी २०२५ या काळात बुलडाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील स्त्री-पुरुष व मुले यांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडले. बाधितांची संख्या अडीचशेच्या वर गेली. प्रारंभी पाण्यावर व बुरशीवर संशय घेण्यात आला. पुढे विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बाधितांच्या रक्ताची, लघवीची व केसांची तपासणी करविली. शरीरातील सेलेनियम फार वाढलेले व जस्त कमी झालेले आढळल्याचे सांगून, रेशनवर मिळालेल्या गव्हातील सेलेनियम हे कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. त्या गावांतील एखाद्याने टकलावरचे औषध आणून चोळले असते, तर त्याचा पैसा वाया गेला असता आणि खरे कारण झाकून राहिले असते. केस अचानक गळू लागले, चट्टे पडले किंवा घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास झाला, तर औषधाच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावे.

मिनॉक्सिडिल : वरून लावावयाचे औषध

हे औषध मुळात उच्च रक्तदाबावरील गोळी होय. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतात असे दिसून आल्यावर त्याचे द्रावण तयार झाले व १९८८ साली अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी त्यास मान्यता मिळाली. केसाची वाढीची अवस्था लांबविणे हा त्याचा परिणाम आहे. पुरुषांसाठी सामान्यतः ५ टक्क्यांचे द्रावण १ मिलिलिटर या प्रमाणात दिवसातून दोनदा कोरड्या डोक्याच्या त्वचेवर लावतात. अधिक लावल्याने अधिक केस येत नाहीत, त्रास मात्र वाढतो.

पहिल्या दोन ते आठ आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. जुने केस जाऊन नव्यांना वाट मिळत असल्याचे ते चिन्ह आहे. परंतु हे आधी न सांगितल्याने कित्येक जण घाबरून औषध सोडतात. गुण दिसण्यास चार ते सहा महिने लागतात. खाज, त्वचेची लाली व कोंड्यासारखे पापुद्रे हे नेहमीचे त्रास होत. छातीत धडधड, भोवळ, पायांवर सूज आल्यास औषध थांबवून तपासणी करून घ्यावी. हृदयविकाराच्या रुग्णाने ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

आपल्या जिल्ह्यासाठी दोन सूचना विशेष महत्त्वाच्या आहेत. या द्रावणात सामान्यतः अल्कोहोल असते व ते पेट घेते. म्हणून ते लावून लगेच चुलीजवळ बसू नये, विडी पेटवू नये. दुसरे असे की, औषध लावलेले डोके तान्ह्या मुलाच्या अंगाला वा तोंडाला लागू देऊ नये. वडिलांच्या डोक्यावरील औषधाच्या संपर्काने बाळाच्या अंगावर दाट केस उगवल्याची उदाहरणे युरोपात नोंदली गेली असून २०२४ साली तेथील औषध नियामकांनी त्याबाबत इशारा दिला आहे. एका खोलीत किंवा ऊसतोडीच्या कोपीत सारे कुटुंब एकाच अंथरुणावर झोपते, तेथे ही दक्षता अधिकच हवी. औषध लावल्यावर हात धुवावेत, ते पूर्ण वाळू द्यावे व उशी वेगळी ठेवावी.

अलीकडे याच औषधाची अल्प मात्रेतील गोळीही केसांसाठी दिली जाते. रक्तदाब, हृदय व मूत्रपिंड यांची स्थिती पाहून डॉक्टरांनी ठरविल्याशिवाय ती घेऊ नये.

फिनास्टेराइड : पोटात घ्यावयाची गोळी

हे औषध १९९२ साली प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीसाठी ५ मिलिग्रॅमच्या मात्रेत व १९९७ साली टकलासाठी १ मिलिग्रॅमच्या मात्रेत अमेरिकेत मान्य झाले. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकरास ते अटकाव करते. मूळ चाचण्यांत दोन वर्षांअखेर गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के पुरुषांत केसांची संख्या टिकून राहिली. निष्प्रभ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २८ टक्के होते. औषध परिणामकारक आहे याविषयी शंका नाही.

चिंता आहे ती दुष्परिणामांची. कामेच्छा कमी होणे, ताठरता न येणे, वीर्याचे प्रमाण घटणे अशा तक्रारी मूळ चाचण्यांत गोळी घेणाऱ्या शंभरांत सुमारे चौघांनी, तर निष्प्रभ गोळी घेणाऱ्या शंभरांत सुमारे दोघांनी केल्या. म्हणजे बहुसंख्य पुरुषांना हा त्रास होत नाही. परंतु तो काल्पनिकही नाही. बहुतेकांचा त्रास गोळी थांबविल्यावर जातो. काहींनी मात्र तो पुढेही टिकून राहिल्याचे सांगितले असून २०१२ साली अमेरिकेतील औषधाच्या माहितीपत्रकात त्याची नोंद करण्यात आली. उदासीनता येऊ शकते. आणि मे २०२५ मध्ये युरोपीय नियामकांच्या समितीने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचे निश्चित केले. पूर्वी नैराश्य येऊन गेले असल्यास डॉक्टरांस ते आधीच सांगावे. गोळी चालू असताना मन खिन्न राहू लागले, झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले तर गोळी तत्काळ बंद करून डॉक्टरांस भेटावे. शासनाच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

पुढील गोष्टी प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात :

१. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये. ५ मिलिग्रॅमची गोळी स्वस्त पडते म्हणून तिचे घरी तुकडे करू नयेत. गर्भवती स्त्रीने फुटलेल्या वा कुटलेल्या गोळीस हात लावू नये. पोटातील मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

२. अपत्यप्राप्तीसाठी प्रयत्न चालू असल्यास ते डॉक्टरांस सांगावे. काहींमध्ये वीर्यातील शुक्रजंतूंची संख्या घटते व औषध थांबविल्यावर सुधारते. मूल होत नाही म्हणून पत्नीच्या तपासण्यांचा फेरा सुरू होतो आणि पती गोळी घेत असल्याचे कोणासच ठाऊक नसते, असे घडता कामा नये.

३. गोळी चालू असताना रक्तदान करू नये. शेवटच्या गोळीनंतर किमान एक महिना जाऊ द्यावा. ते रक्त गर्भवतीस दिले जाण्याचा संभव असतो. ड्युटास्टेराइड हे याच जातीचे अधिक तीव्र औषध शरीरात दीर्घकाळ राहते. त्यासाठी ही मुदत सहा महिन्यांची आहे.

४. उतारवयातील पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी जी पीएसए नावाची रक्ततपासणी करतात, तिचा आकडा या औषधाने जवळपास निम्मा होतो. तपासणीपूर्वी गोळीची माहिती न दिल्यास रोग दडून राहू शकतो.

फिनास्टेराइडचे वरून लावावयाचे मिश्रणही आता विकले जाते. वरून लावले म्हणजे ते रक्तात मिसळत नाही, हा समज चुकीचा आहे.

जीवनसत्त्वे, तेले आणि जाहिराती

आनुवंशिक टक्कल बायोटिनच्या गोळ्यांनी थांबत नाही. उलट मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडच्या व हृदयविकाराच्या काही रक्ततपासण्यांचे निष्कर्ष चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला आहे. डोक्याला तेल लावण्यास हरकत नाही; मात्र त्याने गेलेले केस परत येतील अशी अपेक्षा धरू नये. आपल्या देशातील औषधविषयक नियमांच्या 'जे' अनुसूचीत ज्या विकारांवर हमखास इलाजाचा दावा करण्यास मनाई आहे, त्यांत टकलाचाही समावेश आहे. 'केस न आल्यास पैसे परत' असे सांगणारा विक्रेता कोणता नियम मोडीत आहे, हे यावरून समजावे. केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे. ती पात्रताधारक डॉक्टरांकडूनच करून घ्यावी. तिच्यानंतरही उरलेले मूळचे केस टिकविण्यास बहुधा औषध लागतेच.

औषध सुरू करण्यापूर्वीचा हिशेब

ही दोन्ही औषधे घेतली जातात तोवरच काम करतात. मिनॉक्सिडिल सोडल्यावर तीन-चार महिन्यांत, तर फिनास्टेराइड सोडल्यावर वर्षभरात मिळविलेले केस जातात. दिवसास दोन मिलिलिटर द्रावण म्हणजे साठ मिलिलिटरची बाटली एक महिना पुरते. वर्षास बारा बाटल्या व दहा वर्षांस एकशे वीस. हा खर्च दुष्काळाच्या वर्षीही झेपेल काय, याचा विचार पहिली बाटली घेण्याआधी करावा. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जाणाऱ्यांना चार-सहा महिने औषध नियमित मिळेल काय, हेही पाहावे. मध्येच खंड पडणार असेल तर तो खर्च न केलेलाच बरा. उपचार करावयाचा ठरल्यास त्याच घटकाचे स्वस्त जेनेरिक औषध आहे का, हे डॉक्टरांस विचारावे. सुरुवातीस डोक्याचे छायाचित्र काढून ठेवावे व सहा महिन्यांनी त्याच्याशी ताडून पाहावे. वर्षभरात काहीच फरक न पडल्यास औषध चालू ठेवण्यात अर्थ नाही.

काहीही न करणे हाही एक योग्य निर्णय आहे. टक्कल हा रोग नव्हे. केस बारीक कापून स्वच्छ राहणाऱ्या पुरुषात कसलेही न्यून नसते. मुलाकडे पाहताना त्याचे कष्ट, स्वभाव व निर्व्यसनीपणा पाहावा, हे वधुपित्यांनी व घरातील वडीलधाऱ्यांनीही ध्यानी घ्यावे. घरात थट्टा झाली नाही, तर कित्येक तरुण लपूनछपून औषधे घेणार नाहीत.

त्वचारोगांची तपासणी व सल्ला बीड येथील जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही घेता येतो. तपासणीस येताना चालू असलेली सर्व औषधे, तेले व गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत आणि लैंगिक किंवा मानसिक त्रास असल्यास तो संकोच न बाळगता सांगावा. रुग्णाची अशी माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे. नीट माहिती घेऊन औषध निवडावे, अथवा नीट विचार करून ते नाकारावे. दोन्हींत रुग्णाचे हितच आहे.