दुकानात न पोहोचलेली गाणी

चांगली गोष्ट लोकांपर्यंत पोहोचतेच, असे आपण अगदी सहज म्हणून जातो. मला मात्र हे वाक्य ऐकले, की अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातला 'बिग स्टार' हा रॉक बँड आठवतो.

हे नाव त्यांनी घेतले ते आर्डेंट स्टुडिओजवळच्या किराणा मालाच्या दुकानाच्या पाटीवरून. ॲलेक्स चिल्टन, ख्रिस बेल, अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स अशी ही चार तरुण मुले. १९७२ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. नाव काय, तर 'नंबर वन रेकॉर्ड'! गिटारचा लख्ख झणकार, गोड चाली आणि कोवळ्या वयातली हुरहुर यांचा त्यात सुरेख मेळ होता. समीक्षकांनी भरभरून कौतुक केले. पण ते वाचून गिऱ्हाईक दुकानात जाई, तेव्हा तिथे रेकॉर्डच नसे!

असे का व्हावे? रेकॉर्ड काढणे वेगळे आणि ती गावोगावच्या दुकानांत पोहोचवणे वेगळे. आर्डेंट ही छोटी कंपनी. तिचे वितरण सोल संगीतासाठी गाजलेल्या 'स्टॅक्स'कडे होते. स्टॅक्सने पुढे ते काम बलाढ्य 'कोलंबिया'कडे सोपवले आणि या मोठ्यांच्या व्यवहारात 'बिग स्टार'कडे पाहायला कुणी उरले नाही. १९७४ चा 'रेडिओ सिटी' हा दुसरा अल्बमही असाच अडकला. तिसरा तर काही वर्षे पडून राहून १९७८ मध्ये बाहेर आला. त्याच वर्षी बेल मोटार अपघातात गेला. वय अवघे २७.

मग ही गाणी टिकली कशी? ज्या थोड्या हातांत या रेकॉर्ड पडल्या, त्यांत उद्याचे वादक होते. 'आर.ई.एम.', स्कॉटलंडचा 'टीनएज फॅनक्लब' अशा बँडनी त्यांचे ऋण मानले. 'रिप्लेसमेंट्स'ने १९८७ मध्ये चक्क 'ॲलेक्स चिल्टन' या नावाचे गाणे केले. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या २००३ च्या ५०० सर्वोत्तम अल्बमच्या यादीत या बँडचे तिन्ही अल्बम होते. चिल्टनला हा मान पाहता आला. त्याचे निधन २०१० मध्ये झाले. बेलच्या नशिबी तेही नव्हते.

म्हणून कुणी खपाचा आकडा पुढे केला, की मी आधी एवढेच विचारतो : दुकानात माल होता का?