गाठ काढल्यानंतरची वर्षे

किडनीचा कर्करोग ऑपरेशनने काढला, तरी कधी दहा-पंधरा वर्षांनीही उलटतो. फुप्फुसे, हाडे, यकृत या त्याच्या नेहमीच्या जागा. पण तो स्वादुपिंडात, लहान आतड्यात, थायरॉईडमध्येही उगवतो. मग रुग्ण काविळीने येतो, कुणाला काळे शौच होऊन रक्त कमी होते, आणि जुने ऑपरेशन कुणाच्या ध्यानातही नसते.

1963 साली टोरांटोच्या चार्ल्स रॉबसन यांनी किडनी, भोवतीची चरबी आणि अधिवृक्क ग्रंथी एकत्र काढण्याची पद्धत मांडली. पुढे कित्येक वर्षे तीच प्रमाण मानली गेली. रोग उलटला की मात्र डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नसे.

बदल बारीक नळ्यांनी आणला. स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी 1953 मध्येच सुईच्या वाटेने रक्तवाहिनीत नळी सरकवण्याची रीत दाखवली होती. या कर्करोगाच्या गाठींना रक्तपुरवठा भरपूर असतो; नळीतून तो बंद केला की रक्तस्राव आटोक्यात येतो. 1990 मध्ये अमेरिकेत राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीतून पहिली किडनी काढली. आता पित्तनलिका दबली तर दुर्बिणीतून स्टेंट बसतो. एकच किडनी उरली असेल आणि तिच्यात लहान गाठ आली, तर ती सुईने जाळता किंवा गोठवता येते. किडनी वाचते, डायलिसिस टळू शकते. 2005 नंतर आलेल्या या कर्करोगावरच्या गोळ्या आणि पुढच्या इम्युनोथेरपीने या उपायांना बळ दिले. अर्थात गाठ मोठी किंवा अडचणीच्या जागी असेल, तर सुई पुरत नाही.

आता आपल्या जिल्ह्याचे पाहू. 1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा अशा रुग्णाला औरंगाबादचे घाटी रुग्णालय किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय गाठावे लागे. पुढे घाटीजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय उभे राहिले, 2024 मध्ये जालन्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अंतर घटले, तपासणीचे सातत्य मात्र रुग्णाच्या घरानेच सांभाळायचे आहे.

म्हणून जिल्ह्यातले भोकरदन असो की घनसावंगी, ज्यांच्या घरी असे ऑपरेशन झाले आहे त्यांनी जुनी फाईल आणि गाठीचा तपासणी अहवाल जपून ठेवावा. डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नये. आणि दुखणे कोणतेही असो, नव्या डॉक्टरांना आधी सांगावे: किडनीचा कर्करोग होऊन गेला आहे.