सोपाऱ्याचे शिलालेख आणि आपले उत्सव

भीमजयंती असो, बुद्ध पौर्णिमा असो वा धम्मचक्र प्रवर्तन दिन, आपण एकत्र येतो आणि आनंद साजरा करतो. परंतु हा आनंद कोणाचा, याचा विचार आपण क्वचितच करतो. आपल्याच भूमीत हा विचार सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला आहे.

पालघर जिल्ह्यातील नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, ती शिकारीसाठी व करमणुकीसाठी, असे हा लेख सांगतो. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेले आणि धम्मयात्रा सुरू झाली. श्रमण-ब्राह्मणांना दान, वृद्धांची भेट व त्यांना धनाचे साहाय्य, खेड्यांतील जनतेशी धम्मचर्चा, असे तिचे स्वरूप होते. यातच अधिक आनंद आहे, असे सम्राटाने नमूद केले. अशोकांनी आनंद नाकारला नाही. राजाचा आनंद प्रजेचा केला.

१९५६ साली जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आजारपण, विवाह, अपत्यजन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ अल्प असते. दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान हेच खरे धम्ममंगल होय, असा या लेखाचा आशय आहे.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. गावच्या सणात ज्यांना दूर उभे राहावे लागे, त्यांना स्वतःचा उत्सव मिळाला. आजही दीक्षाभूमीवरून परतणाऱ्यांच्या पिशवीत पुस्तके असतात.

दुसऱ्याच्या सुखाने आनंदित होणे याला धम्मात मुदिता म्हणतात. ती चार ब्रह्मविहारांपैकी एक आहे. मग कर्ज काढून केलेल्या लग्नाच्या थाटात मुदिता कोठे आहे? ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात वस्तीतील आजारी माणसाला आणि परीक्षेच्या तयारीतील विद्यार्थ्याला कोणता आनंद मिळतो? मांडव घालणारा मजूर आपल्या पंगतीला बसतो काय?

जयंतीच्या वर्गणीतून निदान काही वह्या-पुस्तके गरजू मुलांच्या हाती पडावीत. दूर उभे राहण्याचे दुःख आपण भोगले आहे. आपल्या उत्सवात कोणीही दूर उभे राहू नये, एवढी जबाबदारी आपलीच आहे.